खुर्चीत बसले आहे कोण?

अलिबाग तालुक्यातील किहीमच्या किनाऱ्यावर उभा असलेला एक आलिशान बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आला. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा भंग हे त्या पाडकामाचे कायदेशीर कारण होते. परंतु साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले ते बंगल्याच्या मालकामुळे. हिऱ्यांचे व्यापारी नीरव मोदी हे पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणातील प्रमुख आरोपी. बँकेने १४ फेब्रुवारी २०१८ रोजी शेअर बाजाराला कळविलेला अफरातफरीचा आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. पुढे तो १३,००० कोटींच्याही पलीकडे गेला. बंगला काही क्षणांत कोसळला. मात्र त्या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही जागच्या जागी उभा आहे. तो प्रश्न असा : संगणकाच्या पडद्यावर ज्याचे नाव उमटते, तोच मनुष्य खरोखर कळफलकापुढे बसलेला आहे काय?

हा प्रश्न केवळ बँकांचा नाही. शाळेची विद्यार्थिसंख्या, शिक्षकांचे वेतन, शेताचा सातबारा, नगरपालिकेची घरपट्टी, विद्यापीठाचे गुण यांपैकी आता कागदावर राहिले आहे असे फारच थोडे. प्रत्येक नोंदीपुढे यंत्र कोणाचे तरी नाव लिहिते आणि चौकशीची वेळ आली की तेच नाव पुरावा म्हणून पुढे येते. हे नाव यंत्राला कळते कसे, ते कितपत विश्वासार्ह आहे आणि त्याच्या आधारे कोणाला दोषी धरावे, याचा विचार कारकुनाने, शिक्षकाने आणि उद्या त्या खुर्च्यांवर बसणाऱ्या विद्यार्थ्याने केलाच पाहिजे.

प्रथम बँकेचे प्रकरण काय सांगते ते पाहू. मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशांतील बँकशाखांना हमीपत्रे जात. ती स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत पाठविली जात. अशा यंत्रणेत एकाने संदेश लिहावा, दुसऱ्याने तो तपासावा आणि मंजुरी वेगळ्याने द्यावी, अशी दक्षता अभिप्रेत असते. आपल्या जुन्या कचेऱ्यांतील लिहिणारा, रुजुवात घालणारा आणि सही करणारा यांचीच ही आधुनिक आवृत्ती होय. परंतु दुसऱ्यांचे परवलीचे शब्द वापरून ही कामे परस्पर उरकली गेली, असा आरोप तपासात पुढे आला. शिवाय ही संदेशयंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडलेलीच नव्हती. त्यामुळे तिकडे गेलेल्या हमीची नोंद इकडच्या खात्यांत उमटत नसे. या यंत्रणेच्या संभाव्य गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. दोन्ही प्रणाली ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडण्याचा आदेश मात्र अब्जावधी रुपये गेल्यानंतरच निघाला. यातले मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. परदेशातील शाखांना मिळालेले संदेश यंत्राच्या दृष्टीने अस्सल होते. खाते खरे होते, परवलीचा शब्दही खरा होता. त्यामागचा मनुष्य कोण, एवढेच काय ते यंत्राला ठाऊक नव्हते.

येथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची आपण सरमिसळ करतो. एक, यंत्रात कोठेतरी लिहून ठेवलेले नाव. दुसरी, यंत्राने परवलीचा शब्द पडताळून उघडलेले खाते. आणि तिसरी, हाडामांसाचा मनुष्य. या तिन्ही गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरण्यात साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

पहिल्या गोष्टीपासून आरंभ करू. कार्यालयासाठी एखादा छोटा कार्यक्रम लिहिणारा हौशी माणूस, मग तो शाळेतील संगणकशिक्षक असो की हिशेबाच्या तक्त्यात आज्ञावली बसविणारा कारकून, वापरणाऱ्याचे नाव सहसा सर्वांत सोप्या ठिकाणाहून उचलतो. विंडोज प्रणालीत प्रत्येक कार्यक्रमाला काही माहितीच्या चिठ्ठ्या सोबत दिल्या जातात; त्यांना पर्यावरण-चल म्हणतात. त्यांतील एका चिठ्ठीवर वापरकर्त्याचे नाव असते. पण ही चिठ्ठी म्हणजे दारावरची पाटी होय. घरात राहणारा कोणीही एका ओळीच्या आज्ञेने ती बदलू शकतो आणि तिथे साहेबाचे नाव लिहून मग तो कार्यक्रम सुरू करू शकतो. कार्यक्रम बिचारा पाटी वाचतो आणि साहेबच आले असे समजतो. तक्ता किंवा मजकूर तयार करणाऱ्या कार्यक्रमांत लेखक म्हणून जे नाव दिसते, त्याचीही योग्यता याहून अधिक नाही. ते नाव ज्याने त्याने मांडणीच्या रकान्यात भरलेले असते. कित्येकदा ते यंत्र ज्याने प्रथम बसवून दिले त्याचे असते. अमुक फाइलवर अमक्याचे नाव आहे, एवढ्यावरून कोणाला नोटीस बजावणे म्हणजे दारावरची पाटी पाहून घरात बसलेल्या माणसाला पकडण्यासारखे आहे.

मग कार्यक्रमाने विचारावे कोणाला? उत्तर सरळ आहे. पाटीला न विचारता पहारेकऱ्याला विचारावे. यंत्राची मूळ कार्यप्रणाली हा तो पहारेकरी. आपण परवलीचा शब्द देऊन आत शिरतो तेव्हा ती एक अंतर्गत ओळखपत्र तयार करते आणि त्यानंतर आपण सुरू केलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला त्याची प्रत जोडते. सामान्य वापरकर्त्याला ते आपल्या हाताने खोडता येत नाही. कार्यक्रमाने कार्यप्रणालीला रीतसर प्रश्न केला, तर उत्तर या ओळखपत्रावरून मिळते. म्हणून पहिला नियम असा की, जेथे नावाला काही किंमत आहे, तेथे ते पहारेकऱ्याकडूनच घेतले पाहिजे.

येथेही एक खोच आहे. एका खात्याने आत शिरलेला मनुष्य दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने एखादा कार्यक्रम चालवू शकतो. अशा वेळी कार्यप्रणाली ज्या खात्याचा अधिकार चालू आहे त्याचे नाव सांगते. सकाळी यंत्र कोणी उघडले, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. १९७० नंतरच्या दशकात घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीने हा भेद फार स्पष्टपणे ओळखला आणि खरा वापरकर्ता व प्रभावी वापरकर्ता अशा दोन ओळखी स्वतंत्र ठेवल्या. आपल्याकडील सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्या वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. पत्राच्या तळाशी ‘तहसीलदार करिता’ असे लिहून अव्वल कारकून सही करतो. अधिकार तहसीलदाराचा, हात अव्वल कारकुनाचा. ज्या नोंदवहीत केवळ तहसीलदाराचे नाव राहते, ती नोंदवही अर्धेच सत्य सांगते. उत्तम प्रणाली तीच, जी अधिकार आणि हात या दोहोंचीही नोंद ठेवते.

अनेक यंत्रे जाळ्याने जोडली गेली की प्रश्न आणखी बिकट होतो. गावातील यंत्र जिल्ह्याच्या यंत्राला सांगते की, मी अमका बोलतो आहे. जिल्ह्याच्या यंत्राने त्यावर विश्वास का ठेवावा? या किनाऱ्याने हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी सोडवून पाहिला आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा वचक असताना कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी गलबतांजवळ दस्तक असावे लागे. नुसते निशाण पाहून गलबत सोडावे, हा इंग्रजांचा आग्रह होता. इंग्रजांशी १७१३ साली तह होऊनही वाद मिटला नाही. कारण माल आणि मालकी देशी व्यापाऱ्याची, पण डोलकाठीवर निशाण इंग्रजांचे, अशी गलबते हिंडू लागली आणि ती इंग्रजांची मानावी की नाही यावरून पुन्हा ठिणगी पडली. निशाण कोणीही लावू शकतो. दस्तक मात्र ज्याने द्यायचे त्यानेच दिलेले असावे लागते, हा कान्होजींचा मुद्दा कोणत्याही संगणकशास्त्रज्ञाला मान्य व्हावा असाच आहे. आजच्या जाळ्यांतही हीच रीत आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत १९८० नंतरच्या दशकात तयार झालेली कर्बेरॉस ही पद्धत, जी पुढे विंडोजच्या जाळ्यांनीही स्वीकारली, ती म्हणजे मुदतबंद दस्तकच होय. मध्यवर्ती यंत्र ओळख पटवून परवाना देते आणि पलीकडचे यंत्र बोलणाऱ्याच्या शब्दापेक्षा परवान्यावर भरवसा ठेवते.

परंतु दस्तकच चोरीला गेले तर? त्याचाही धडा रायगडच्याच किनाऱ्याने घेतला आहे. २७ जून २०१७ रोजी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका मालधक्क्याचे कामकाज एकाएकी ठप्प झाले. तो धक्का चालविणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील होती आणि त्या समूहाची यंत्रे जगभर एकाच वेळी बंद पडली होती. नॉटपेट्या या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या त्या विध्वंसक आज्ञावलीचा उगम युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका कार्यक्रमात होता. ती पसरली कशी, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विंडोजमधील एका उणिवेचा फायदा तिने घेतलाच. पण त्याखेरीज ज्या यंत्रात ती शिरे, तेथे आत शिरलेल्या वापरकर्त्यांची ओळख यंत्राच्या स्मृतीतून उचले आणि ती दाखवून शेजारच्या यंत्राचे दार उघडून घेई. शेजारच्या यंत्राला वाटे, व्यवस्थापकच आले आहेत. पहारेकऱ्याने दस्तक तपासले होते, दस्तक अस्सल होते, आणि तरीही आत आलेला कोणी मनुष्यच नव्हता.

मर्स्कला त्यानंतर सुमारे दहा दिवसांत ४,००० मुख्य यंत्रे आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे त्या समूहाच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर्सच्या घरात गेले. त्यातील एक तपशील विशेष बोलका आहे. कोण कोणत्या अधिकाराचा, याची नोंद ठेवणारी त्या समूहाची यंत्रे सर्वत्र पुसली गेली होती. वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेले घानामधील एकच यंत्र वाचले आणि त्यातील नोंदीवरून साऱ्या व्यवस्थेची पुनर्बांधणी झाली. माणसे होती, जहाजे होती, धक्केही होते; कोण कोण आहे हे सांगणारी वही तेवढी नव्हती. ती नसताना जगातील एक बलाढ्य नौवहन कंपनी पांगळी झाली. ओळखीची नोंद ही कारकुनी बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

आता तिसऱ्या पायरीकडे, म्हणजे खात्याकडून माणसाकडे वळू. येथे यंत्रशास्त्राची हद्द संपते आणि कचेरीच्या शिस्तीची सुरू होते. परवलीच्या शब्दाचा इतिहासच या बाबतीत बोलका आहे. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने १९६१ च्या सुमारास अनेकांना एकच संगणक वाटून वापरता येईल अशी प्रणाली उभी केली आणि प्रत्येकाच्या फाइली स्वतंत्र राहाव्यात म्हणून परवलीचे शब्द योजले. १९६२ मध्येच अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या वाट्याला आलेला वेळ अपुरा पडतो म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. परवलीचा शब्द आणि दुसऱ्याच्या नावाने काम करण्याची वृत्ती ही जुळी भावंडे आहेत, असे म्हणावे लागते.

आपल्याकडे तर ही यादी छापून घेण्याचेही कष्ट पडत नाहीत. ती भिंतीवर, कळफलकाखाली किंवा टेबलाच्या खणात असते. शाळेचा परवलीचा शब्द मुख्याध्यापकांच्या नावाचा, पण माहिती भरतो संगणक येणारा एखादा तरुण शिक्षक, आणि जाळे मिळत नसेल तर बाजारपेठेतील दुकानदार. अधिकाऱ्याची अंकीय स्वाक्षरी ज्या छोट्या उपकरणात साठविलेली असते ते उपकरण दिवसभर लिपिकाच्या यंत्राला खोचलेले असते, कारण साहेब दौऱ्यावर असतात आणि काम तर अडता कामा नये. ही दृश्ये कोणाला अपरिचित आहेत? यात बहुधा लबाडी नसते. असते ती सोय, संकोच आणि वरिष्ठाला नाही म्हणता न येण्याची अगतिकता.

परंतु कायदा ही अगतिकता ओळखत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४२ अन्वये अंकीय स्वाक्षरीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी दक्षता घेणे हे ती धारण करणाऱ्याचेच कर्तव्य आहे. पुढे दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ क प्रमाणे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा परवलीचा शब्द कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे शब्द देणारा कर्तव्यच्युत आणि वापरणारा संशयित, अशी दुहेरी टांगती तलवार आहे. आणि ती कोसळते तेव्हा खालच्या पायरीवरच्या माणसावर आधी कोसळते. नागपूर विभागात २०२५ साली बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले आणि अपात्र व्यक्तींची नावे वेतनप्रणालीत घुसविल्याच्या आरोपावरून शिक्षण खात्यातील अधिकारी व कर्मचारी यांना अटक झाली. दोषी कोण, हे न्यायालये ठरवितील. परंतु अशा प्रत्येक चौकशीत पहिला प्रश्न निघतो तो हाच की, नोंद कोणाच्या लॉगिनवरून झाली? आणि त्याचे उत्तर देणारी वही जर पाच जणांनी मिळून एका नावाने लिहिलेली असेल, तर खऱ्या गुन्हेगाराला सुटकेची वाट मिळते आणि निरपराध माणसाला आपले निरपराधित्व सिद्ध करता येत नाही. सामाईक परवलीचा शब्द अप्रामाणिक माणसाचा सर्वांत मोठा आश्रय आहे, आणि प्रामाणिक माणसासाठी तोच सर्वांत मोठा सापळा ठरतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील. कचेरीत यंत्र एक आणि माणसे पाच, तेथे प्रत्येकाने आत-बाहेर करीत बसावे काय, असे विचारले जाईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याला झोडपले, तेव्हा वीज आणि दूरध्वनी दोन्ही गेले. पंचनाम्यांची घाई होती. अशा वेळी ज्याच्या हाती यंत्र तो काम करणार, हे उघड आहे. हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर शिस्त सोडणे हे नव्हे. अडचणीच्या प्रसंगी दुसऱ्याच्या अधिकाराने काम करण्याची मुभा जरूर असावी, मात्र ती ‘करिता’च्या रीतीने. काम कोणी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि केव्हा केले, हे कागदी नोंदवहीत का होईना, त्याच दिवशी लिहिले जावे. दुसरा आक्षेप असा की, अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा घेतला की सारा प्रश्न मिटेल. तो मिटणार नाही. ठसा आत शिरणाऱ्या क्षणाची साक्ष देतो. चहासाठी मनुष्य उठून गेला आणि यंत्र उघडेच राहिले, तर त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल ठसा मौन पाळतो. शिवाय परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

तेव्हा करावयाचे काय? प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो शिपाई का असेना, यंत्रावर स्वतःच्या नावाचे खाते मिळाले पाहिजे. पदाच्या नावाची सामाईक खाती बंद झाली पाहिजेत. सरकारी प्रणाली लिहून देणाऱ्यांनी वापरकर्त्याचे नाव पाटीवरून न घेता कार्यप्रणालीकडून आणि मध्यवर्ती यंत्राकडून पडताळून घ्यावे, आणि अधिकार व हात या दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात. काम सोपविण्याची रीतसर सोय प्रणालीतच असावी, म्हणजे मुख्याध्यापकाला आपला परवलीचा शब्द सांगण्याऐवजी आपला अधिकार मुदतीपुरता सोपविता येईल. ती सोय नसते म्हणूनच शब्द सांगितले जातात, हे विसरून चालणार नाही. वरिष्ठाने कनिष्ठाकडे आपले स्वाक्षरीचे उपकरण सोपविणे हा वरिष्ठाचा दोष मानला जावा, आणि ते घेण्यास नकार देणाऱ्या लिपिकाला लेखी संरक्षण असावे. शेवटची गोष्ट चौकशी अधिकाऱ्यांसाठी. लॉगिनची नोंद हा चौकशीचा आरंभ होय; तो निकाल नव्हे. त्या वेळी त्या खुर्चीत कोण होते, हे हजेरीपट, दौऱ्याची नोंद, साक्षी आणि यंत्राचा इतर तपशील यांवरून ठरविल्याखेरीज कोणाच्याही सेवापुस्तकात लाल शेरा पडू नये.

यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, नवी यंत्रे लागत नाहीत. लागते ती सवय बदलण्याची तयारी, आणि ती बदलण्याचा आरंभ वरच्या खुर्चीपासून व्हावा लागतो. साहेबाने आपला परवलीचा शब्द सांगणे थांबविले, तर कारकुनाला तो विचारण्याचे धाडस होणार नाही. हे जोवर होत नाही तोवर यंत्र आपले काम चोख करीत राहील. ते ज्याचे नाव दिले त्याचे नाव लिहील, आणि त्या नावाचा धनी त्या वेळी घरी, रजेवर किंवा वर्गात फळ्यापुढे उभा असला तरी जाब त्यालाच द्यावा लागेल.